आधी सही, मग मजकूर

बाई, तुम्ही मला फसवलंत. हे एवढं एक वाक्य लिहून पेन खाली ठेवावं असं गेले कितीतरी दिवस वाटतंय, पण तुमचीच शिस्त आड येते. नुसता आरोप करून माणसानं उठू नये, खाली पुरावा द्यावा, असं तुम्ही निबंध तपासताना म्हणायचात. तेव्हा देते पुरावा. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत, आणि त्याआधी तुम्ही होतात त्या सगळ्या वर्षांतही, माझ्यासमोर तुमच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला तर मी त्याच्या अंगावर धावून जात असे. आमच्या घरात तर तो विनोदच झालाय, की हिच्या आईला बोललं तर एक वेळ चालतं, बाईंना बोलायचं नाही. आता त्या विनोदाचं मी काय करू, ते तुम्हीच सांगा.

कोथरूडला तेव्हा एवढी दाटी नव्हती. तुमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून टेकडी अख्खी दिसायची. शनिवारी दुपारी तीन वाजता फ्रेंचच्या शिकवणीला आम्ही पाच जणी समोरच्या खोलीत सतरंजीवर बसलेल्या, आणि तुम्ही वेताच्या खुर्चीत, सुती पातळ, पायात घरातसुद्धा मोजे. तीन वाजून पाच मिनिटांनी कुणी आली की तुम्ही दार उघडता, आधी घड्याळाकडे बघता, मग तिच्याकडे, आणि म्हणता, "या, या. आपलीच वाट बघत होतो. रस्त्यात फार गर्दी होती का?" तेव्हा त्या रस्त्यावर फार तर एखादी म्हैस असायची. ती बिचारी खाली मान घालून कोपऱ्यात बसायची, म्हणजे मुलगी. पुन्हा आयुष्यात उशीर करायची नाही.

दर महिन्याला फ्रान्समधल्या कुणाला तरी एक पत्र लिहायचं, हा तुमच्या वर्गाचा नेम. पत्र आम्ही वहीत लिहायचं, तुम्ही लाल पेन्सिलीनं ते सोलून काढायचात. मग तो मजकूर तुम्ही स्वतः, तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात, निळ्या एरोग्रामवर उतरवायचात. एरोग्राम म्हणजे एकच कागद, त्याचीच घडी घालून पाकीट व्हायचं, खाडाखोड झाली की गेला. आणि आमची अक्षरं परदेशात दाखवायच्या लायकीची नाहीत, असं तुमचं स्पष्ट मत होतं. पण सही मात्र ज्याची त्यानं करायची. म्हणून शनिवारी निघताना आम्ही पाचही जणी कोऱ्या एरोग्रामच्या तळाशी सह्या करून जायचो. रविवारी संध्याकाळी तुम्ही वरचा मजकूर भरायचात, सोमवारी पत्रं टपालात. "आधी सही, मग मजकूर," तुम्ही पेन पुढे करत म्हणायचात. माझे बाबा सरकारी कचेरीत कारकून. त्यांनी हे ऐकलं आणि जेवता जेवता हात थांबवला. "कोऱ्या कागदावर सही? अगं, आमच्याकडे अशानं माणसं नोकरीला मुकतात." मी केवढी फणकारले त्यांच्यावर! म्हटलं, बाबा, त्या बाई आहेत, तुमचे साहेब नाहीत. बाबा पुन्हा जेवायला लागले. त्यांचं बरोबर होतं हे कळायला मला साठी गाठावी लागली.

एकदा मी वहीतल्या पत्रात थाप मारली होती, आठवतंय? आमच्या बागेत मोर येतो, असं लिहिलं होतं. बाग कसली, चाळीच्या मागे एक आळवाचा वाफा होता. तुम्ही वही मिटलीत, चष्मा काढलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "पत्रात खोटं लिहायचं नाही. वाचणारा माणूस हजारो मैलांवर बसलेला असतो, त्याला तपासून बघायची सोय नसते. अशा माणसाला फसवण्यात कसली आलीय हुशारी?" मी आठवडाभर कानकोंडी होऊन फिरत होते. पुढे माझ्या मुलीलाही हे वाक्य मी जसंच्या तसं ऐकवलं, तुमचं नाव सांगून, मोठ्या तोऱ्यात.

आणि रविवार! पहाटे स्वारगेटला हजर, वेल्ह्याची एसटी पकडायची, आणि मग तोरणा किंवा राजगड. चढताना फक्त फ्रेंच बोलायचं, येत नसेल तर तोंड बंद. त्यामुळे तुमचे ट्रेक पुण्यातले सगळ्यात शांत ट्रेक असायचे. वर पोचून डबे उघडले की मग तुम्ही मराठीत यायचात, आणि हमखास कांतालवर यायचात. फ्रान्सच्या पोटात, शहरांपासून लांब, डोंगरी मुलूख. तुम्ही तिशीत असताना शिष्यवृत्तीवर गेला होतात आणि एक उन्हाळा तिथे एका जोडप्याकडे राहिलात. त्या दोघांनी गोठ्याच्या वरच्या माडीवर खोल्या काढल्या होत्या. शहरातून माणसं यायची ती फक्त चालायला, नदीत होडी वल्हवायला, रानफुलं बघायला. दुसरं तिथे काहीच नाही, आणि ते काहीच नसणं बघायलाच लोक येतात, असं तुम्ही सांगायचात. मग हातातला दगड वर धरायचात. "हाच दगड. काळा बसाल्ट, ज्वालामुखीचा. तिकडचे डोंगर म्हणजे आपल्या सह्याद्रीचे मावसभाऊ आहेत, फक्त खात्यापित्या घरचे. अंगावर गवत बघा किती." दगडी फरशांची छपरं, लांब शिंगांच्या लालसर गाई, कमरेएवढ्या उंच देठांवर पिवळी फुलं, ज्यांच्या मुळांचा कडू काढा करतात. मला त्या फुलाचं नाव माझ्या चुलत्यांच्या नावांआधी पाठ झालं होतं, जांसियान.

मी एकवीस वर्षांची होते तेव्हा त्या जोडप्यातल्या मादामचं पत्र आलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्याची एक मुलगी पाठवा. घरकामात हात लावील, पाहुण्यांना घेऊन डोंगरात जायला शिकेल, भाषा पक्की होईल, आणि जमलं तर पुढच्या वर्षी पुन्हा. तुम्ही ते वर्गात वाचून दाखवलंत, सगळ्यांवरून नजर फिरवलीत आणि माझ्यावर थांबलात. "ही जाईल," एवढंच म्हणालात. विचारलं नाहीत, सांगितलंत. मला तेव्हा त्याचाच केवढा अभिमान वाटला. बाबा तर मला वाटलं थयथयाट करतील, पण ते म्हणाले, "बाई म्हणतायत ना? मग जा." पासपोर्टसाठी त्यांनी स्वतः खेटे घातले. मी होकाराचं पत्र वहीत लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, मला गाईंची भीती वाटते पण शिकेन. तुम्ही त्यावर हसलात, दोन चुका काढल्यात, दहापैकी नऊ दिलेत. नऊ तुम्ही कुणाला देत नव्हतात. मग मी कोऱ्या एरोग्रामवर सही केली, शेपटी ओढून, जरा जास्तच झोकात, आणि घरी गेले.

मार्च गेला, एप्रिल गेला. दर शनिवारी मी तुमच्या टेबलाकडे बघायची. तुम्ही मान हलवायचात. मे महिन्यात एका शनिवारी सगळ्या गेल्यावर तुम्ही मला थांबवलंत. "उत्तर आलं नाही गं. फ्रेंच माणसं अशीच. उन्हाळा आला की बोललेलं विसरतात." मग आत गेलात आणि तुमची कॅनव्हासची पाठपिशवी घेऊन आलात, तिकडून आणलेली, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत ती. "ही घे. तुझं जायचं राहिलं, ही तरी वापर." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बाईंना किती वाईट वाटलंय माझ्यासाठी. आता कळतंय की ते वाईट वाटणं होतंच, पण भलत्याच गोष्टीचं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण त्यात तुम्हीच होतात. मला भोसरीच्या एका कारखान्यात फ्रेंच कागदपत्रांची भाषांतरं करायची नोकरी लागली. चार वर्षांनी लग्न झालं, तुम्ही अक्षता टाकायला पहिल्या रांगेत. घर घेतलं तेही तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर. माझा रविवार तुमचा, हे नवऱ्यानं लग्नाआधीच मान्य केलं होतं. तुमच्या गुडघ्यांनी गड सोडले तसे आपण टेकडीवर जाऊ लागलो, टेकडी सुटली तेव्हा गॅलरीत बसू लागलो. अर्धांगाचा झटका आल्यावर पावणेदोन वर्षं मी सकाळ-संध्याकाळ येत होते. तुमची वेणी घालायचे, तुम्हाला भरवायचे. तुमचं बोलणं गेलं होतं तरी भाजीत मीठ कमी झालं की तुमची भुवई तेवढीच वर जायची. शेवटी तोंडात पाणी मीच घातलं. हे सगळं मी उपकार म्हणून मोजत नाहीये, कृपा करून तसं समजू नका. मला ते करायचं होतं. तुम्ही माझ्यासाठी दार उघडलं होतंत, पलीकडच्यांनी लावून घेतलं, असं मी मानत होते.

यंदा आमच्या टेकडीवरच्या ग्रुपनं ठरवलं की युरोपला जायचं, पण सात दिवसांत नऊ शहरं असली वरात नको. सगळे साठीच्या आसपास, रोज चालणारे, सहा जण. मीच म्हटलं, कांतालला जाऊ. ग्रुपमधले एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत, ते म्हणाले, "म्हणजे इथं टेकडी चढायची ती तिकडे जाऊन चढायची. छान. निदान तिथं वर वडापाव मागणारं कुणी नसेल." मी इंटरनेटवर शोधलं तर ते घर अजून आहे! आता मुलगी चालवते. एका आठवड्याचा कार्यक्रम, पाच दिवस चालणं, एक दिवस नदीत होडी, एक दिवस कुरणातल्या वनस्पती. मी तिला फ्रेंचमध्ये लिहिलं की माझ्या बाई तुमच्याकडे राहून गेल्यात. तिचं उत्तर दुसऱ्याच दिवशी. आई अठ्ठ्याऐंशीची आहे, तिला बाई स्वच्छ आठवतात, या. मला वाटलं, बघा, ही माणसं काही विसरत नाहीत. पण तेवढ्यावरून शंका घ्यायला मी तुमच्याकडे शिकले नव्हते.

बाई, तुम्ही सांगितलं होतंत त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ते मान्य करते. जूनचा शेवट होता, सगळी कुरणं पिवळी, वाऱ्यानं ती फुलं कमरेला लागत होती. गाई अगदी तशाच, शांत, डोळे काजळ घातल्यासारखे. मी पहिल्याच दिवशी वाकून दगड उचलला आणि मला राजगडाच्या पद्मावती माचीवर बसल्यासारखं वाटलं. नवरा म्हणाला, "अगं, एवढा विमानखर्च करून हाच दगड?" सगळे हसले, मीही हसले. मी कंपनीच्या कामानं दोनदा फ्रान्सला जाऊन आले होते, पण ते विमानतळ, हॉटेल आणि मीटिंगची खोली. फ्रान्स मला पहिल्यांदा भेटत होता तो असा, काळ्या दगडावर बसून, पाय दुखत असताना. चार दिवस मी फार सुखात होते. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे पाचव्या दिवशी काय गेलं ते तुम्हाला नीट कळेल.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही चालून परत आलो. तिथे जूनमध्ये साडेसातलाही लख्ख ऊन असतं. लांब टेबलावर जेवण मांडलं होतं, बटाट्यात ताजं चीज घालून परततात ते. म्हातारी मादाम रोज आपल्या खोलीतच जेवायची, त्या दिवशी ती काठी टेकत बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि मांडीवर चीजचा एक रिकामा लाकडी डबा ठेवला. त्यात पत्रं. तिनं एक निळा एरोग्राम काढून माझ्यापुढे धरला. "हे तुझंच ना?"

सही माझीच होती. शेपटीसकट. वरचा मजकूर तुमच्या अक्षरात, आणि तो माझा नव्हता. आपल्या निमंत्रणाबद्दल आभारी आहे, पण माझं लग्न ठरलं आहे. सासरच्यांना मी परदेशी जाणं पसंत नाही. मी आनंदात आहे, माझ्यासाठी जागा अडवून ठेवू नये. गाईंचं वाक्य कुठेच नव्हतं. मी ते तीनदा वाचलं. भाषा निर्दोष होती हो बाई, एकही चूक नाही, तुम्हाला दहापैकी दहा.

मादाम बोलत होती. तुझी खोली मी रंगवून घेतली होती, ती म्हणाली. खिडकीखाली टेबल ठेवलं होतं, मुलगी अभ्यास करील म्हणून. मला राग आला होता तुझा, आता सांगायला हरकत नाही. इतकं ठरवून ऐन वेळी लग्न! पण मग मी स्वतःला म्हटलं, तिकडची रीत असेल, आणि तुझ्या बाईंच्या पत्त्यावर तुला भेट पाठवली. मिळाली ना? मी विचारलं, कसली भेट. लिननच्या जाड कापडाचे सहा रुमाल, स्वयंपाकघरातले, निळ्या काठाचे, तिच्या आईनं विणलेले. लग्न झालेल्या मुलीला आम्ही तेच देतो, ती म्हणाली.

बाई, ते रुमाल मला पाठ आहेत. तुमच्या ओट्यावरच्या कडीला एक असायचा आणि बाकीचे फडताळात. ट्रेकच्या पोळ्या आपण त्यातच गुंडाळायचो, कारण त्यात त्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. मी ते किती वेळा धुतलेत, निळीत काढलेत, इस्त्री केलेत, याला गणती नाही. एकदा मी म्हटलं होतं, काय सुरेख कापड आहे हो, आणि तुम्ही म्हणालात, "तिकडचं आहे, जपून वापर." माझ्या न झालेल्या लग्नाचा आहेर माझ्याकडून धुवून घेतलात! याला काय म्हणायचं? मला तर मराठीत शब्द सापडत नाही आणि फ्रेंचमध्ये सापडतात ते तुम्ही शिकवले नव्हतेत.

तुमचं स्वतःचं पत्रही त्याच डब्यात होतं, त्याच वर्षीच्या सप्टेंबरातलं. ते तिनंच मला वाचून दाखवलं, कौतुकानं, तुमच्यावर प्रेम म्हणून. मुलीचं छान चाललं आहे. सुदैवानं ती माझ्या जवळच राहते आणि रविवारी आम्ही डोंगरात जातो. मी एकटी असते, पुढे कसं होईल याची मला काळजी वाटायची. आता वाटत नाही. म्हणजे हे होतं तर. तुम्हाला माझ्या भल्याची चिंता होती, परक्या मुलखात मुलीचं काही बरंवाईट होईल म्हणून भ्यालात, असं काही तरी असतं तर मी तिथल्या तिथे गिळून टाकलं असतं. पण नाही. तुम्हाला रविवारी सोबत हवी होती. कांताल तुमच्यापाशी होतंच, मीही हवी होते. दोन्ही हवं म्हणून मला तिथं जाऊ दिलं नाहीत.

मादामनं माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "मग, नवरा चांगला निघाला का?" समोर नवरा बसलेला. त्याला फ्रेंचचा गंध नाही, पण माझा चेहरा वाचतो. "काय म्हणतायत त्या?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "अहो, बटाटे आवडले का विचारतायत." तो म्हणाला, "सांग त्यांना, आमच्याकडे याला काचऱ्या म्हणतात, पण या एक नंबर आहेत." मी मादामकडे वळले आणि म्हटलं, हो, चांगला निघाला. लग्न लगेचच झालं. भेट मिळाली होती, आभार मानायचे राहिले, क्षमा करा. तुमच्या तोंडून निघावं तसं सफाईदार फ्रेंच निघालं माझ्या तोंडून. तिला ते पटलं. अडतीस वर्षांचा राग तिनं तिथेच सोडून दिला आणि माझ्या गालांचे मुके घेतले. तिच्या लेखी उद्धट मी ठरले होते, आणि क्षमाही मलाच मिळाली. तुमचं नाव आजही तिथे स्वच्छ आहे. मी ठेवलं. का ठेवलं, ते मला विचारू नका. मेलेल्या माणसाला चव्हाट्यावर आणायचं नाही, एवढंच त्या क्षणी सुचलं, आणि पुण्याहून आलेली बाई लबाड होती हे त्या म्हातारीला या वयात कशाला कळायला हवं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात उंच डोंगर होता. मी सगळ्यांच्या पुढे निघाले. बँक मॅनेजर मागून ओरडले, "अहो, शर्यत नाहीये, बक्षीस ठेवलेलं नाही कुणी." मी वर पोचून एका दगडाआड बसले आणि ढसाढसा रडले. चहूकडे ती विझलेली शिखरं, मधे हिरव्या दऱ्या, लांबवर गाईंच्या गळ्यातल्या घंटा. एकविसाव्या वर्षी मी इथे उभी राहिले असते. गुडघे चांगले होते. कदाचित दर उन्हाळ्यात आले असते, कदाचित वाटाड्याच झाले असते, कदाचित पंधरा दिवसांत रडत घरी परतले असते. काहीही झालं असतं, पण ते माझं झालं असतं. तुमच्यावर मी इतकी संतापले होते, बाई, की तुम्ही समोर असतात तर मी तुम्हाला अरेतुरे केलं असतं.

परत आले आणि आठ दिवसांत गुरुपौर्णिमा. तुमचे जुने विद्यार्थी दर वर्षी माझ्याकडे जमतात, मीच सुरू केलेली प्रथा. रद्द करावं असं फार वाटलं. पण फोनवर कारण सांगायला जमेना, आणि शेवटी सांजा केला, फोटोला हार घातला. बावीस जण आले, दोघी तर वाघोलीहून दोन बस बदलून. सगळ्यांचं एकच, बाईंचं कांताल बघून आलात, सांगा, सांगा! मी फोटो दाखवले. गाई दाखवल्या, फुलं दाखवली, घर दाखवलं. वर्गात आमच्याबरोबर असलेली एक मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "तुझंच खरं नशीब. बाईंनी तुला लेकीसारखं सांभाळलं." मी चहा टाकायला म्हणून आत गेले. ओट्याला धरून उभी राहिले, आणि चहा झाल्यावर बाहेर आले. कुणाला काही बोलले नाही. नवऱ्यालाही अजून सांगितलेलं नाही.

ते सगळे गेल्यापासून हे पत्र लिहितेय. कुठे टाकणार, हा प्रश्नच नाही. घडी घालून तुमच्या शब्दकोशात ठेवीन, तो तुम्ही मलाच दिलात. पण तुम्ही म्हणायचात की पत्रात खोटं लिहायचं नाही, आणि तुम्ही नाही पाळलंत म्हणून मीही पाळू नये असं काही नाही. म्हणून एक गोष्ट उरली आहे ती लिहिते.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी, उत्तर आलं नाही असं तुम्ही म्हणालात, पिशवी दिलीत, आणि मी डोळे पुसत जिना उतरले. सायकल काढली. कर्वे पुतळ्यापाशी येईपर्यंत माझं रडणं थांबलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतेय. दोन महिने मला धड अन्न गेलं नव्हतं. एकटीनं विमानात बसायचं, परक्यांच्या घरात राहायचं, तोंड उघडलं की चूक होणार, त्या गाई. घरी गेले आणि आईनं पिठलं केलं होतं, ते मी तीन भाकऱ्यांशी खाल्लं. सुटले, असं वाटलं मला. मग माणसांसमोर चेहरा पाडला, आणि तो अडतीस वर्षं पाडलेलाच ठेवला. माझं फ्रान्स हुकलं, असं मी लग्नाकार्यांतसुद्धा सांगत आले. हे नवऱ्याला माहीत नाही, मुलीला नाही, कुणालाच नाही.

पण तुम्हालाही ते माहीत नव्हतं, बाई. तुम्ही पत्र मार्चमध्येच टाकलं होतंत. माझ्या भीतीचा फायदा तुम्हाला देता येणार नाही. तुम्ही मला एकदा नुसतं विचारायचं होतंत, जायचंय का तुला खरंच? मी नाही म्हटलं असतं, बहुतेक. आणि मग ती सही माझी असती.